घटका म्हणजे वाटी

“घटकाभर टेका की वैनी, मग जा.” “घडीभर थांबा, चहा ठेवलाय.” “दिवसभर बिचारीला घटकेची उसंत नाही.” असे शब्द आपल्या तोंडी रोज येतात. मांडवात आपण शुभ घटकेची वाट पाहतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाविषयी “शेवटच्या घटका मोजतोय” असे हळू आवाजात बोलतो. कुणाचा काळ जवळ आला की “घटका भरली” म्हणतो. परंतु ही घटका भरते कशात, आणि ती मोजावयाची कशी, असे कुणी विचारले तर आपल्यातील बहुतेकजणी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवतील.

घटका ही हातात धरता येणारी वस्तू आहे. ती तांब्याची एक वाटी आहे. लग्नाच्या मांडवात तिला हळदकुंकू वाहून तिची पूजा करीत, आणि ती पाण्यात बुडण्यावरून मंगलाष्टकांची वेळ धरीत. त्या वाटीची व तिच्या नावाची हकीकत आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत यावी असे मला फार दिवसांपासून वाटत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वाचनाची आवड संसारातही टिकली. पोथी, शब्दकोश, इतिहासाची पुस्तके यांतून जे मिळाले आणि घरच्या वडीलधाऱ्यांकडून जे ऐकले, ते येथे मांडीत आहे.

प्रथम शब्द पाहू. नवरात्रात आपण घटस्थापना करतो. त्यातला जो घट, तोच या शब्दाचा बाप. घट म्हणजे मातीचे किंवा धातूचे मडके. लहान घट ती घटी किंवा घटिका. मराठीत घटाचा घडा झाला, घटीची घडी झाली आणि घटिकेची घटका झाली. कपड्याची घडी हा शब्द निराळा, त्याची येथे गल्लत करू नये. पाण्याचा घडा आणि वेळेची घडी मात्र एकाच घरातल्या. वेळेला भांड्याचे नाव मिळाले, याचे कारण त्या वेळेचे माप भांड्याने होत असे. आपण “दोन शेर ज्वारी” म्हणतो तेव्हा शेर हे मापही असते आणि मापटेही असते. घटकेचे तसेच आहे.

आता ही वाटी काम कसे करी ते सांगते. पातळ तांब्याची, अर्ध्या नारळासारखी गोल बुडाची वाटी घ्यावयाची. तिच्या तळाशी मधोमध अगदी बारीक छिद्र असावयाचे. मोठ्या घंगाळात स्वच्छ पाणी भरून त्यावर ही रिकामी वाटी अलगद सोडावयाची. वाटी तरंगते. खालच्या छिद्रातून पाणी हळूहळू आत चढते. वाटी जड होत जाते, काठापर्यंत खाली येते आणि शेवटी टुपकन बुडते. सोडल्यापासून बुडेपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढी एक घटका झाली. वाटी वर काढावयाची, रिकामी करावयाची आणि लगेच पुन्हा सोडावयाची. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत ती साठ वेळा बुडाली तर वाटी खरी, असे सूर्यसिद्धान्त या ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथात सांगितले आहे.

आजच्या हिशेबाने एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. अडीच घटकांचा एक तास, दोन घटकांचा एक मुहूर्त, साडेसात घटकांचा एक प्रहर, आणि साठ घटकांची दिवसरात्र. घटकेचे साठ भाग केले की एक पळ होते, म्हणजे चोवीस सेकंद. पळाचे पुन्हा सहा भाग केले की एक प्राण. निरोगी माणसाचा एक श्वास आत जाऊन बाहेर येण्यास जेवढा वेळ लागतो, तो प्राण; चार सेकंदांचा. म्हणजे एका घटकेत तीनशे साठ श्वास आणि दिवसरात्रीत एकवीस हजार सहाशे. कीर्तनात हा एकवीस हजार सहाशेचा आकडा आपण ऐकतो, तो या हिशेबातून आला आहे. छापील पंचांगात तिथीपुढे घ. आणि प. अशी दोन अक्षरे दिसतात, ती घटी आणि पळे होत.

मोजणी सूर्योदयापासून सुरू होई. सूर्य सहाला उगवला असे धरले तर पाच घटका म्हणजे सकाळचे आठ, पंधरा घटका म्हणजे दुपारचे बारा. प्रत्येक गावचा सूर्योदय त्या गावचा, म्हणून प्रत्येक गावची घटकाही त्या गावची. साऱ्या हिंदुस्थानची घड्याळे एका वेळेवर आणण्याची व्यवस्था १ जानेवारी १९०६ पासून झाली. त्यापूर्वी आपल्या बालाघाटाच्या डोंगरावर सूर्य दिसला की आपला दिवस सुरू, एवढे पुरत असे.

कुणी विचारील, की वाटी लहानमोठी केली किंवा छिद्र जाड पाडले तर घटका कमीजास्त होईल, त्याचे काय? आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न विचारला होता. भागवत सप्ताहाला आपण बसतो, त्या भागवताच्या तिसऱ्या स्कंधात अकराव्या अध्यायात या भांड्याचे माप दिलेले आहे. सहा पळे वजनाचे तांबे घ्यावे, आणि चार मासे सोन्याची चार अंगुळे लांब सळई करून तिच्या जाडीचे छिद्र पाडावे, असा त्याचा भावार्थ आहे. येथे पळ हे वजनाचे नाव आहे. सोने कशाला, असे वाटेल. पण बारा माशांचा तोळा हे आपल्याला ठाऊक आहे. सोन्याचे वजन ठरले आणि सळईची लांबी ठरली की तिची जाडी आपोआप ठरते. मग सोनार पैठणचा असो की काशीचा, सळई एकाच जाडीची निघणार. एवढ्या बारीक गोष्टीचा असा सोपा तोडगा ज्याने काढला, त्याच्या बुद्धीचे मला नेहमी कौतुक वाटते.

लग्नात या वाटीचा थाट मोठा असे. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेली हकीकत त्या सांगत. जोशीबुवा वाटी फडक्यात गुंडाळून आणीत. तांदळाच्या राशीवर घंगाळ ठेवीत. वाटीला हळदकुंकू, अक्षता, फूल वाहून मग ती पाण्यावर सोडीत. घंगाळापाशी एक माणूस मुलीकडचा आणि एक मुलाकडचा बसे. पोराटोरांना जवळ येऊ देत नसत, कारण वाटीला बोट लागता कामा नये. पूजेच्या वेळी म्हणावयाच्या श्लोकाचा आशय असा, की तू सर्व यंत्रांत मुख्य आहेस, ब्रह्मदेवाने तुला पूर्वी घडविले, या वधूवरांच्या कल्याणासाठी काळ साधून दे.

मी एकदा आत्याबाईंना विचारले, “घटका भरली असं मरणाऱ्या माणसाला का म्हणतात हो?” त्या म्हणाल्या, “अगं, घटका भरली म्हंजी वाटी भरली. तिच्यात माणसाचं काय भरतंय? पाणी भरतंय.” त्या शाळेत एक दिवसही गेलेल्या नव्हत्या. परंतु शब्दाचे मूळ त्यांनी अचूक सांगितले.

ही वाटी लग्नापुरतीच होती असे नाही. सातव्या शतकात इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू आपल्या देशात आला होता. तो नालंदाच्या विहारात पुष्कळ वर्षे राहिला. मोठमोठ्या विहारांत तांब्याच्या वाटीचे जलयंत्र असते, ते राजांनी दान दिलेले असते, त्यावर लक्ष ठेवावयास मुले नेमलेली असतात आणि वाटी बुडाल्याची वर्दी नगारा वाजवून देतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे १५२६ मध्ये दिल्ली जिंकणारा बाबर याने आपल्या आठवणी लिहिल्या. त्यात हिंदुस्थानातील या पद्धतीचे वर्णन आहे. मुख्य शहरांतून घडियाली नावाचे लोक नेमलेले असत. वाटी बुडाली की ते उंच टांगलेल्या पितळेच्या जाड थाळीवर ठोके देत. त्या थाळीला घडियाळ म्हणत. रात्री झोपेतून जागे झालेल्या माणसाला ठोके ऐकू येत, पण कितवा प्रहर चालू आहे ते कळत नसे. म्हणून घडीच्या ठोक्यांमागून प्रहराचे ठोकेही द्यावेत असा हुकूम बाबराने केला.

घटाची घटी झाली, घटीची घडी झाली, घडीचे ठोके ज्यावर पडत ते घडियाळ, आणि त्याचेच आपले घड्याळ. काट्यांचे यंत्र आले तेव्हा त्याला नवे नाव शोधावे लागले नाही, जुन्या थाळीचे नाव त्याला मिळाले. आज मनगटावर बांधतो त्या वस्तूच्या नावातही नवरात्रातला घट बसलेला आहे.

याहून नवलाची गोष्ट “तास” या शब्दाची. आपण साठ मिनिटांना तास म्हणतो. शेतात नांगराचे तास पडते तो शब्द वेगळा. वेळेचा तास अरबी-फारसीतून आला, आणि त्या भाषांत तास म्हणजे वाटी किंवा पेला! दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याने चौदाव्या शतकात आपल्या राजधानीत वेळ दाखविण्याचे साधन बसविले होते. त्याला तास-घडियाळ म्हणत. नमाजाची वेळ आणि रोजा सोडण्याची वेळ लोकांना कळावी हा त्याचा एक उपयोग होता. पाण्यावरच्या वाटीचे नाव ठोक्याच्या थाळीला आणि थाळीचे नाव वेळेला, अशा वाटेने मराठीत तास आला. पूर्वी शाळेत लोखंडाच्या तुकड्यावर टोल पडला की “तास झाला” म्हणत, त्यात ती जुनी थाळी वाजत होती. हाच अरबी शब्द समुद्रापलीकडे गेला आणि फ्रान्स देशात चहाच्या पेल्याला आजही “तास” म्हणतात. म्हणजे संस्कृताकडून आलेली घटका ही वाटी, आणि अरबीकडून आलेला तास हीसुद्धा वाटी. आपल्या गावात मंदिराची घंटा आणि मशिदीची बांग शेजारी शेजारी ऐकू येतात. दोन्हींकडच्या वेळेचे नाव एकाच स्वयंपाकघरातल्या भांड्यावरून पडले आहे, हे मला फार आवडले.

आता या वाटीची सर्वांत प्रसिद्ध कथा. ती लीलावतीची. भास्कराचार्य हे आपल्या देशाचे थोर गणिती. त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४ चा. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने असलेले विज्जडविड, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. नावाच्या साम्यावरून कोणी ते आपले बीड म्हणतात, कोणी विजापूर, तर कोणी चाळीसगावकडे बोट दाखवितात. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी तेथे मठ स्थापन केला, असे त्या लेखात सांगितले आहे. लेख शके ११२८ चा असून त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी तो १८६५ मध्ये प्रकाशात आणला.

कथा अशी. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या कुंडलीत वैधव्य की अविवाहित राहणे असा काही दोष होता. वडिलांनी गणित करून एकच निर्दोष घटका शोधून काढली. मांडवात वाटी पाण्यावर सोडली. मुलगी कुतूहलाने घंगाळात वाकून पाहू लागली, तिच्या अंगावरचे मोती निसटून वाटीत पडले आणि छिद्रावर बसले. पाणी चढेना. सारे वाटी बुडण्याची वाट पाहत राहिले आणि मुहूर्त निघून गेला. दुःखी मुलीला वडील म्हणाले, तुझ्या नावाने असा ग्रंथ लिहीन की तो जगाच्या अंतापर्यंत राहील. तो गणिताचा ग्रंथ लीलावती.

गोष्ट ऐकताना डोळे भरून येतात. परंतु भगिनींनो, तिचा उगम पाहिला पाहिजे. भास्कराचार्यांनी लीलावती हा ग्रंथ ११५० च्या सुमारास लिहिला. त्यात कोठेही ही हकीकत नाही. ग्रंथात ते कधी हरिणाक्षी बालिकेला उदाहरण घालतात, तर कधी मित्राला. मोत्याची कथा आढळते ती अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनंतर. भास्कराचार्य मात्र आपल्या सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथात घटकेविषयी वेगळेच सांगतात. अमुक वजनाचे तांबे आणि अमुक सोन्याची सळई या मापांत ते गुंतत नाहीत. अर्ध्या घटासारखे तळाशी छिद्र असलेले तांब्याचे भांडे करावे, दिवसरात्रीत ते किती वेळा बुडते ते मोजावे, आणि त्या संख्येने दिवसरात्रीला भागावे, म्हणजे त्या भांड्याचे माप निघते. असे रोखठोक गणित करणारा माणूस मुलीच्या आयुष्यासाठी एकाच वाटीवर विसंबला असेल, हे माझ्या मनाला पटत नाही.

भास्कराचार्यांची ही रीत मी आणि माझ्या धाकट्या मुलीने सुट्टीत करून पाहिली. तांब्याची वाटी मोडीत घालवावयाची नव्हती, म्हणून जुन्या जर्मनच्या वाटीला दाभणाने छिद्र पाडले. भगुण्यात पाणी भरले आणि वाटी सोडली. मुलगी मोबाईलवर वेळ पाहत होती. वाटी अकरा मिनिटांनी बुडाली. पुन्हा सोडली, पुन्हा अकरा मिनिटे. तिसऱ्यांदाही तेवढीच. म्हणजे आमच्या वाटीच्या दोन बुडण्यांना बावीस मिनिटे, घटकेला दोन मिनिटे कमी. चौथ्या वेळी बोअरच्या पाण्यातला एक खडा छिद्रावर बसला आणि वाटी पंधरा मिनिटे झाली तरी तरंगतच राहिली. मोती पडावयाची गरज नाही, आपल्याकडचे खारे पाणी पुरे! पाणी फडक्यातून गाळून घेतल्यावर वाटी पुन्हा सुतासारखी चालू लागली. आपल्या मुलींना मंडळात बोलावून हा खेळ एकदा जरूर करावा. वेळ मोजणे ही जादू नव्हे, हे त्यांना पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

याच खेळात मुलीने एकदा कंटाळून वाटी बोटाने दाबली. वाटी तत्काळ बुडाली. ती म्हणाली, “आई, झाली घटका!” मी म्हटले, “वाटी बुडाली बाळ, घटका नाही झाली.” आत्याबाईंच्या सांगण्यातला तो बोट न लावण्याचा नियम मला त्या वेळी नीट उमगला. बोटाने दाबलेली वाटी आणि आपणहून भरलेली वाटी पाण्याच्या तळाशी सारख्याच दिसतात. म्हणून तर दोन्ही घरची माणसे पहाऱ्याला बसवीत. घाई करून घटका आणता येत नाही. तिला भरू द्यावे लागते.

ही गोष्ट मी आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात सांगत आहे. दसरा-दिवाळी झाली की आपल्या भोवतालच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवावी, ही त्या आईबापांची चिंता खोटी नाही. एक कोयता वाढेल, हाही हिशेब असतो. मग पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलीचे हात पिवळे केले जातात. ऊसतोडीला न जाणाऱ्या घरांतूनही “चांगले स्थळ आले आहे, पुन्हा अशी घटका येणार नाही” असे म्हणून मुलीची शाळा बंद करतात. पत्रिकेवर मुहूर्त मात्र अगदी बारा वाजून पस्तीस मिनिटांचा छापतात.

माझेही लग्न सोळाव्या वर्षी झाले. मुहूर्त उत्तम होता आणि तो मिनिटाला साधला, असे मांडवात सारे म्हणत होते. वर्षे मात्र कुणी मोजली नाहीत. मी कुणाला दोष देत नाही, त्या वेळची रीतच तशी होती. पण आठवीचे पुस्तक मी पहिल्यांदा हातात धरले ते माझ्या थोरल्या मुलीचे, आणि त्यातली गणिते तिच्या शेजारी बसून शिकले.

कायद्याचा इतिहास पाहिला तर त्यातही वाटी हळूहळूच भरलेली दिसते. हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जाणारा १९२९ चा कायदा मुलीचे लग्नाचे वय चौदा ठरवून गेला. तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. १९४९ मध्ये ते वय पंधरा झाले. १९७८ मध्ये मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस झाले. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने असे लग्न लावणाऱ्यांना आणि लावून देणाऱ्यांना शिक्षा ठेवली. चौदापासून अठरापर्यंत यावयास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. आता भरलेली ती वाटी आपण घरात बोटाने दाबून बुडवू नये.

आणखी एक बोलणे आपण सोडले पाहिजे. “वाईट घटकेवर जन्मली,” “हिची घटकाच खोटी” असे मुलीविषयी किंवा नव्या सुनेविषयी बोलतात. घरात आजार आला, बैल मेला, पाऊस लांबला, की घटका काढतात. भगिनींनो, घटका म्हणजे तांबटाने ठोकलेली वाटी. तिच्यात पाणी भरते, नशीब भरत नाही. ती सर्वांसाठी सारखी भरते. पाटलाच्या मांडवात ती चोवीस मिनिटांची आणि पालावर राहणाऱ्याच्या मांडवात तेवीसची, असे होत नाही. वाटी खोटी असली तर दोष करणाऱ्याच्या हाताचा किंवा गढूळ पाण्याचा असतो. त्या वेळेला जन्मलेल्या मुलीचा नसतो.

लग्नातील घटकेची पूजा मोडावी असे माझे म्हणणे नाही. उलट ती समजून करावी. ज्या वाटीने दोन घरांना एक खरी वेळ दाखविली, तिला हळदकुंकू वाहणे योग्यच आहे. आजही पत्रिकेवर बारा पस्तीस आणि अक्षता अडीचला, असे आपण करतो. लांबून आलेली म्हातारी माणसे, तान्ह्या लेकरांच्या आया मांडवात उन्हाने कासावीस होतात. घटकेची पूजा करावयाची आणि घटका पाळावयाची नाही, हा तिचा मान नव्हे. आपल्या मंडळातील ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी एवढे जरी मनावर घेतले तरी पुष्कळ होईल.

कुणाच्या माळ्यावर, जुन्या पेटीत तळाला छिद्र असलेली तांब्याची वाटी सापडली तर ती फुटकी समजून मोडीला देऊ नका. भांडेवाला तिचे तांब्याच्या भावाने पैसे देईल आणि भट्टीत टाकील. ती मंडळात आणावी. हळदीकुंकवाच्या दिवशी आपण ती पाण्यावर सोडू, आपल्या मुलींना सभोवती बसवू, आणि काठापर्यंत भरून ती आपणहून बुडेपर्यंत सगळ्याजणी मिळून वाट पाहू. मुलींच्या बाबतीतही आपल्याकडून एवढेच व्हावे. त्यांची शाळा, त्यांची वाढ आणि त्यांचे अठरावे वर्ष यांना पुरता वेळ मिळो, अशी प्रार्थना करून मंडळाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देते आणि हा लेख पुरा करते.

— मंडळाची एक सभासद, मांजरसुंबा